वाचनालयातला वास

वाचनालयात मेंढरांचा वास येतो, हे बोरजाई गावाला कळायला एकोणीस वर्षं लागली. तेवढी वर्षं तात्याबा तिथं शिपाई होता. रोज कुलूप काढत होता, झाडलोट करत होता, पेपर लावत होता, माठ भरत होता, आणि कुणाच्या नाकाला काही झालं नव्हतं. मग माघातल्या एका सकाळी हंबीररावांचा यशराज मोबाइल कानाला लावून आत आला, मधल्या लांब टेबलापाशी थबकला आणि नाकावर रुमाल धरून म्हणाला, "इथं मेंढरं बांधता का काय रं?"

टेबलाला सहा पोरी अभ्यासाला बसल्या होत्या. त्यातली एक अपेक्षा, तात्याबाची सून. पहाटे उठून तिनं मेंढरांच्या वाड्यातल्या लेंड्या भरल्या होत्या, करडा-कोकरांना पाजलं होतं, अंघोळ करून धुतलेली साडी नेसून ती आठाच्या ठोक्याला येऊन बसली होती. यशराजचं बोलणं ऐकल्यावर तिनं पाय बाकाखाली ओढून घेतले आणि मान पुस्तकात घातली. बाकीच्या पाचजणींनी तिच्याकडं बघितलं नाही. तेवढी माणुसकी पोरींच्यात होती.

आता खरं सांगायचं तर वासाबद्दल बोरजाईनं बोलू नये. दसऱ्यापासून होळीपर्यंत कारखान्याच्या मळीचा वास गावावर बसलेला असतो. परगावचं माणूस एसटीतनं उतरलं की आधी पदर नाहीतर रुमाल नाकाला लावतं. तात्याबा आटपाडीकडनं बिऱ्हाड घेऊन इकडं आला तेव्हा तीन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. त्यानं कुणाला तरी विचारलंही, तर तो माणूस हवेत नाक फिरवून म्हणाला, कसला वास? ऊस ज्याच्या रानात उभा त्याला मळीचा वास येत नाही. मेंढराचा मात्र मैलावरनं येतो.

यशराज वास घ्यायला आला नव्हता, टेप घेऊन जागा मापायला आला होता. कितीतरी वर्षांनी वाचनालयांची वर्गवाढ सुटली होती. बोरजाईचं वाचनालय 'ब' वर्गात होतं, ते 'अ' वर्गात न्यायचं होतं, आणि पुढच्या हप्त्यात तपासणीला वरनं साहेब येणार होते. यशराजला जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं. पत्रकावर छापायला काहीतरी काम लागतं, तर हे एक काम.

त्याच संध्याकाळी कमिटीची बैठक बसली. तात्याबा चहाचा ट्रे घेऊन फिरत होता, त्यामुळं सगळं त्याच्या कानावर पडलं. हंबीरराव चौदा वर्षं अध्यक्ष होते. चौदा वर्षांत त्यांनी घरी एक पुस्तक नेलं नव्हतं, पण आपल्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसूही दिलं नव्हतं. त्यांनी कागद बघून सांगितलं, 'अ' वर्गाला महिला विभाग लागतो. तो दाखवायचा कुठं? तर लांब टेबल आहे तिथं. टेबल मागच्या पडवीत टाकायचं, त्या जागी सोफा, काचेचं टेबल, प्लॅस्टिकची फुलं आणि वर पाटी. पोरींना आठ दिवस सुट्टी द्यायची, पुढचं पुढं बघू.

ग्रंथपाल प्रियदर्शनी मॅडम कोपऱ्यात रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या की रोज सहा पोरी इथं वाचतात, त्या महिलाच आहेत, त्यांना आहेत तिथंच बसू दिलं आणि वर पाटी लावली की झाला महिला विभाग. इतकी सरळ गोष्ट. पण सगळी कमिटी त्यांच्याकडं अशी बघायला लागली, जणू बाईनं कुणाच्या धोतरावर चहा सांडलाय.

"मॅडम," हंबीरराव म्हणाले, "सायबाला काय दाखवायचं त्ये आमी ठरवू."

तात्याबाला राहवलं नाही. ट्रे हातात धरूनच त्यानं विचारलं, पोरींची परीक्षा तोंडावर आलीय, त्यांनी बसायचं कुठं? हंबीररावांनी राग धरला नाही. मोठी माणसं शिपायावर रागवत नाहीत, समजावून सांगतात. ते म्हणाले, "आदी वाचनालय मोठं हुंदे तात्याबा, मग वाचणारी काय, येत्यात आपोआप." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, वाड्यावर एखादं कोवळं बकरं असंल न्हवं? साहेब मटणाचे शौकीन आहेत.

म्हणजे मेंढराचा वास नको आणि मेंढराचं मटण पाहिजे. तात्याबा 'व्हय' म्हणाला. एकोणीस वर्षांत त्याला दुसरं काही म्हणायची सवयच राहिली नव्हती.

अपेक्षाची बारावी लग्नात राहिली होती. परीक्षा महिन्यावर होती आणि मांडव पडला. यंदा तिनं बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. वस्तीवरच्या अंगणवाडीच्या बाई उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या, त्या जागेला वस्तीतलीच बाई लागत होती, आणि बारावी पास लागत होती. तात्याबाचा सूरज दिवाळीनंतर मेंढरं घेऊन शिराळ्याच्या अंगाला उतरला, तेव्हा बायकोला सांगून गेला होता की एवढ्या वक्ताला बस. पास झालीस तर तू तुझ्या अंगणवाडीत. नाहीतर पुढच्या दिवाळीला बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं आणि माझ्यासंगं चालायचं. तो रागानं बोलला नव्हता. कळपाला दोन माणसं लागतात आणि तात्याबाचे गुडघे गेले होते, एवढाच हिशेब होता.

आणि अपेक्षाला चालायचं नव्हतं. ती मेंढक्याचीच लेक होती. तिची आई चालता चालता बाळंत झाली होती आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चालायला लागली होती, हे तिला ठाऊक होतं.

घरी अभ्यासाला जागा नव्हती. एका पत्र्याखाली चूल, बिछाने, मागं ठेवलेली अशक्त मेंढरं आणि कोकरं. दुपारी पत्रा तापला की डोकं उठायचं. शिवाय पुस्तकं घरी नव्हतीच. गावातले एक मास्तर वारले तेव्हा त्यांच्या लेकीनं बारावीची सगळी पुस्तकं, गाईडं आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा वाचनालयाला दिला होता. तो एकच संच. 'इथंच बसून वाचणे, बाहेर देऊ नये' असा त्यावर शिक्का होता. सहाजणी तो आळीपाळीनं वाचायच्या. अपेक्षा पेन्सिलीनं बारीक रेघा मारायची आणि जाताना पुसायची विसरायची.

दुसऱ्या दिवशी तात्याबानंच टेबलाची एक बाजू धरून ते पडवीत नेलं. मग यशराजनं त्याला पुढचं काम सांगितलं. कपाटातली जी पुस्तकं मळलीत, तेलकट झालीत, ज्यांना मेंढराचा वास येतोय ती बाहेर काढायची आणि पोत्यात भरायची.

तात्याबा कपाटापुढं मांडी घालून बसला आणि एकेक पुस्तक नाकाला लावायला लागला. अक्षराला तो कच्चा होता, पण पुस्तकं सगळी ओळखायचा. दर गुरुवारी पिशवी भरून तोच ती वस्त्या-वस्त्यांवर न्यायचा, आणि परत आली की कळपातली मेंढरं मोजावीत तशी विसा-विसानं मोजून घ्यायचा. एकोणीस वर्षांत एक पुस्तक हरवलं नव्हतं. आता त्यानं वास घेतला. एका पुस्तकाला तपकिरीचा वास होता, एकाला डांबरगोळीचा, एकाला कुणाच्या तरी चुलीच्या धुराचा. एकावर हळदीचा अंगठा होता. मेंढराचा वास काही येईना. तो मुद्दाम टाळत होता असं नाही. माणूस जन्मभर ज्या वासात झोपला, उठला, जेवला, तो वास त्याला यायचा कुठनं? दुपारपर्यंत त्यानं फक्त दोन पुस्तकं बाजूला काढली, त्यावर उंदीर मुतला होता.

यशराजनं येऊन कपाळावर हात मारला आणि स्वतःच ओढायला सुरुवात केली. त्याला वास घ्यावा लागला नाही. जे पुस्तक लोकांनी वाचलं होतं ते मळलेलं होतं, तेवढं त्यानं खाली टाकलं. वस्तीवरच्या बायका पाळीनं मागायच्या ती गोष्टींची पुस्तकं गेली. शेळ्या-मेंढ्यांच्या रोगांचं पुस्तक गेलं, त्याच्यावरनं तात्याबानं वस्तीवरची किती जनावरं वाचवली होती. म्हाताऱ्यांच्या पोथ्या गेल्या. मास्तरांचा बारावीचा संच गेला. उरली ती दरवर्षी आकडा भरायला एकगठ्ठा आणलेली पुस्तकं. त्यांच्या अंगावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. कपाट कसं झकास दिसायला लागलं.

प्रियदर्शनी मॅडमनी विचारलं की यातले कुठले नंबर रजिस्टरला कमी करायचे. यशराज म्हणाला, नंबर एकही कमी करायचा नाही, साहेब नंबर बघणार. मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांची नोकरी कमिटीच्या हातात होती. त्यांना नावं ठेवून काय करायचं?

तात्याबा मात्र यशराजच्या मागं गेला. म्हणाला, एवढं बारावीचं तेवढं न्हेऊ का घरी, आठ दिसांनी आणून देतो. यशराजनं मोबाइलवरनं नजर न काढता सांगितलं, तपासणी हुंदे, मग बघू. सात पोती मागच्या खोलीत गेली आणि तात्याबानं खोलीला कुलूप घातलं. किल्ल्यांचा जुडगा नेहमीप्रमाणं त्याच्या करदोट्याला.

रात्री जेवायला वाढताना अपेक्षानं सगळं ऐकून घेतलं. तात्याबाच्या बायकोनं, बयाबाईनं, कमिटीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो इथं सांगण्यासारखा नाही. ताटात भाकरी ठेवून झाल्यावर अपेक्षानं एवढंच विचारलं, "मामा, किल्ली तुमच्यापाशीच हाय न्हवं?"

"हाय की."

"मग?"

"पोरी, इचारल्याबिगर दुसऱ्याच्या वाड्यातलं कोकरू उचलत्यात व्हय?"

मूर्ख म्हातारा! तो वाडा दुसऱ्या कुणाचा नव्हताच, एकोणीस वर्षं त्यानंच राखला होता. पण त्याला ते तेव्हा सुचलं नाही. आठ दिवस तो किल्ल्या खुळखुळवत घरी येत राहिला. त्याची सून वहीत उतरवून घेतलेली चार पानं कोकरांच्या कालव्यात पुन्हा पुन्हा वाचत राहिली, आणि परीक्षा आठ दिवसांवर येऊन ठेपली.

तपासणीच्या दिवशी वाचनालय ओळखू येत नव्हतं. दाराला झेंडूच्या माळा, आत सुगंधी फवारा. 'महिला विभाग' पाटीखाली सोफ्यावर यशराजची बायको संयोगिता आणि तिच्या दोन जावा भरजरी साड्या नेसून बसल्या होत्या. तिघींच्या हातात एकेक नवंकोरं पुस्तक दिलं होतं. संयोगितानं तात्याबाला हळूच विचारलं की वरचं प्लॅस्टिक फाडू का. बाई वाईट नव्हती, तिला वाटलं हातात आहेच तर वाचावं. तर यशराज पलीकडनं म्हणाला, असू दे तसंच, फोटोत नवं दिसतंय.

त्या सहाजणींतली एक मात्र त्या दिवशी वाचनालयात हजर होती. हंबीररावांनी सकाळीच निरोप धाडला होता की मटणाबरोबर धनगराच्या हातच्या भाकरी पाहिजेत, सुनेला लावून दे. अपेक्षा आली. वाचनालयाच्या मागं तीन दगड मांडून ती भाकऱ्या थापायला बसली. पडवीत तिचं लांब टेबल उलटं करून भिंतीला लावलं होतं, आणि त्याच्या पायांवर मटण कापणाऱ्यानं कातडं वाळत घातलं होतं. ते कातडं तात्याबाच्याच वाड्यातल्या बकऱ्याचं होतं. त्यानं दोनदा तिकडं बघितलं आणि मग बघायचं टाळलं.

अकराला साहेब आले. स्वच्छ माणूस, खिशाला दोन पेनं. नारळ, शाल, फेटा झाला. साहेबांनी रजिस्टरची पानं फरफर उलटली, कपाटाच्या काचेतनं आत बघितलं, महिला विभागाला नमस्कार केला आणि कागदावर काय लिहायचं ते लिहिलं. पाऊण तास फेट्याला लागला आणि पाव तास तपासणीला. मग मागं मटण शिजेपर्यंत साहेब आणि हंबीरराव उसाच्या भावावर बोलत बसले. वाचतंय कोण, हे साहेबांनी विचारलं नाही. आपण काय म्हणायचं ते पाठ करून आलेल्या संयोगिताला उगीच वाटलं की आपलं काही चुकलं.

तात्याबाकडनं मागच्या खोलीची किल्ली यशराजच्या माणसानं पातेली काढायची म्हणून मागून नेली. तात्याबानं दिली. आत पाणी वाढता वाढता अर्धा तास गेला. मग हात धुवायला साहेब मागं निघाले आणि हंबीररावांनी तात्याबाला टॉवेल घेऊन पुढं पिटाळलं.

पडवीत येऊन तात्याबानं बघितलं तर खोलीचं दार सताड उघडं होतं. एक पोतं चुलीजवळ उपडं केलेलं. लाकडं ओली होती, पेटत नव्हती, तर पुस्तकांची पानं ओढून चुलीत घातली होती. राखेतल्या एका पानावर अजून अक्षरं दिसत होती. आणि अपेक्षा चुलीपुढं उकिडवी बसली होती. पेटवायला म्हणून तिच्या हातात दिलेला पानांचा जुडगा तिनं चुलीत घातला नव्हता. पिठाच्या हातानं तो धरून ती वाचत होती. तिचेच पेन्सिलीच्या रेघांचे धडे होते ते. धूर डोळ्यांत जात होता, पाणी गालावर ओघळत होतं, ओठ हलत होते. तिला कुणी आल्याचं कळलं नाही.

साहेब तिथं थांबले. त्या दिवशी त्या अख्ख्या वाचनालयात वाचणारं माणूस एकच होतं आणि ते साहेबांच्या समोर दोन हातांवर बसलं होतं. साहेबांनी तिच्याकडं बघितलं, हातातल्या पानांकडं बघितलं. आता साहेब विचारणार, असं तात्याबाला अगदी खरं वाटलं.

"अहो बाई," साहेब म्हणाले, "भाकरी करपली बघा."

हंबीरराव मोठ्यानं हसले. अपेक्षानं दचकून पानं मांडीखाली घातली आणि तव्यावरची भाकरी बोटांनीच उलटली. साहेबांनी टॉवेल मागितला. तात्याबानं दिला. एकेक बोट नीट पुसून साहेबांनी तो परत त्याच्या खांद्यावर टाकला आणि ते आत गेले.

तात्याबाला किळस आली. साहेबाची आली, हंबीररावाची आली, आणि सगळ्यांत जास्त आली ती खांद्यावर टॉवेल पडेपर्यंत हात पुढं करून उभं राहिलेल्या स्वतःची. त्यानं टॉवेल पडवीतल्या कातड्यावर फेकला, डोक्यावरची खाकी टोपी काढली आणि चुलीपुढं बसला. "ऊठ," तो सुनेला म्हणाला. "तिकडं उजेडात बसून वाच. भाकऱ्या मी बघतो."

कळपामागं हिंडलेल्या माणसाला भाकरी थापता येतेच. आतनं तीनदा हाक आली, तात्याबा वाढायला ये. तो तिन्ही वेळा भाकऱ्या करतोय म्हणाला आणि उठला नाही. नेणारा माणूस भाकऱ्या नेत राहिला. अपेक्षानं पोत्यातलं उरलं होतं ते वेचून एका पिशवीत भरलं आणि उलट्या टेबलाला टेकून वाचत बसली.

साहेबांची गाडी गेल्यावर तात्याबाला ताटं उचलायला बोलावलं. तो दारापर्यंत गेला. जेवणाला जोडलेली नवी टेबलं खराब होऊ नयेत म्हणून ताटांखाली पानं अंथरली होती. पुस्तकांची. त्यावर तर्री सांडली होती, चोखलेली हाडं टाकली होती. एका पानावर हाडाखालून पेन्सिलीची रेघ दिसत होती. फवाऱ्याचा वास, चरबीचा वास, खरकट्याचा, कुणीतरी कोपऱ्यात मारलेल्या पिचकारीचा. आणि त्या सगळ्यावर मळीचा. एकोणीस वर्षांत त्याला मळीचा वास यायचा बंद झाला होता, तो आज आला. त्यानं चौकट धरली.

महिला विभागाच्या सोफ्यावर हंबीरराव दात कोरत आडवे झाले होते. म्हणाले, "आटप लवकर. उद्या पेपरवालं येत्यात."

"आबा, आत लय वास येतोय. मला न्हाई जमायचं."

हंबीररावांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. ते हसले. मग त्याच्या तोंडाकडं बघून उठून बसले, नाक वर करून हवेत दोन-तीनदा फिरवलं. त्यांना खरंच काही आलं नाही.

"कसला वास?" त्यांनी विचारलं.

तात्याबानं करदोट्याचा जुडगा सोडला, पायरीवरनं वाकून आतल्या फरशीवर ठेवला आणि वळला. मागनं हंबीररावांनी, मग यशराजनं हाक मारली. उद्यापासून येऊ नको असंही कुणीतरी ओरडलं. ते सांगायची गरज नव्हती.

उन्हं कलली होती. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग जाईपर्यंत दोघं रस्त्याकडंला उभी राहिली. पिशवी तात्याबाच्या खांद्यावर होती. त्यानं विचारलं, किती घावलं त्यातलं? अपेक्षा म्हणाली, इतिहास पुरा आहे, अर्थशास्त्राचे मधले तीन धडे गेले, प्रश्नपत्रिका सगळ्या गेल्या. त्या तीन धड्यांवर प्रश्न आला तर सोडून द्यायचा. बाकीच्या पोरींनाही वाड्यावर बोलवू, ती म्हणाली, त्यांना वास चालत असंल तर. ओढ्याच्या पुलावर आल्यावर पदरानं तोंडावरची राख पुसत म्हणाली, "मामा, मला वाटलं हुतं, सायब इचारतील, काय वाचतीस म्हणून."

तात्याबानं पिशवी या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतली.